आपलं माणूस लागलं पाहिजे

नांदेड-लातूरकडे नोकरी नुसती मिळत नाही; पोरगं नोकरीला ‘लागतं’, आणि बहुतेक वेळा कुणीतरी त्याला ‘लावलेलं’ असतं. हे काम लग्नाच्या मांडवात होतं. पंगत उठते, पानसुपारी फिरते, आणि मुलाचा मामा साहेबांच्या शेजारची खुर्ची ओढून बसतो. पाऊसपाणी विचारून होतं, सोयाबीनचा भाव विचारून होतो. उठता उठता मामा म्हणतो, “आपलंच लेकरू आहे, जरा शब्द टाका.” साहेब ‘नाही’ म्हणत नाहीत. ‘बघू की, कागदं पाठवून द्या’ एवढं बोलतात, आणि मामाला तेवढं पुरतं. शब्द टाकणं, चिठ्ठी देणं, वर्णी लावणं, चिकटवणं, आत घेणं अशी किती तरी क्रियापदं या व्यवहाराला आहेत आणि त्यातलं एकही ऐकणाऱ्याला गुन्ह्यासारखं वाटत नाही. शब्द न टाकणाऱ्याबद्दल मात्र वर्षानुवर्षं बोललं जातं: मोठा झाला, पण भावकीला ओळखत नाही.

नातलगांना झुकतं माप देण्याचा प्रश्न इथूनच समजून घ्यायला हवा. गेल्या काही वर्षांत ‘नेपोटिझम’ हा शब्द मराठी घराघरांत आला तो सिनेमावाल्यांमुळे. २०१७ मध्ये कंगना रनौतने करण जोहरच्या कार्यक्रमात तो उच्चारला, २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर तो रोजच्या बातम्यांत आला, आणि मराठी वर्तमानपत्रांनी तो तसाच देवनागरीत छापला. पण ज्या गोष्टीने आपल्याकडे तालुक्यातल्या शाळेपासून मुंबईतल्या मंत्रालयापर्यंत माणसांची आयुष्यं घडवली आणि बिघडवली, ती सिनेमातल्या घराण्यांपुरती मानून चालणार नाही.

शब्दाचा उगम रोमचा आहे. लॅटिनमध्ये ‘नेपोस’ म्हणजे नातू. पुढे त्यात पुतण्या आणि भाचाही आला. इटालियनमधल्या ‘निपोते’ला आजही हे सगळे अर्थ आहेत. कॅथलिक धर्मगुरू अविवाहित, त्यामुळे पोपला औरस वारस नाही. मग सत्ता, जमिनी आणि कार्डिनलपदाची लाल टोपी पुतण्या-भाच्यांकडे जाई. तिसऱ्या कॅलिक्स्टसने १४५६ मध्ये आपला भाचा रॉड्रिगो बोर्जा याला कार्डिनल केलं. तोच १४९२ मध्ये सहावा अलेक्झांडर म्हणून पोप झाला. तिसऱ्या पॉलने १५३४ मध्ये गादीवर येताच दोन नातवांना कार्डिनलपद दिलं, त्यातला एक चौदा वर्षांचा होता. ‘कार्डिनल-पुतण्या’ हे पद तर इतकं रुळलं की पोपच्या कारभारात त्याचं ठरलेलं काम असे. ग्रेगोरिओ लेती या लेखकाने १६६७ मध्ये या प्रथेवर टीकेचं पुस्तक लिहिलं, आणि त्यानंतर हा शब्द युरोपभर पसरला. बाराव्या इनोसंटने १६९२ मध्ये आज्ञापत्र काढून या वाटपाला बंदी घातली. पोपने आप्तांना इस्टेटी, पदं, उत्पन्नं देऊ नयेत, आणि फार तर एकाच नातलगाला, तोही लायक असेल तर, कार्डिनल करावं असं त्यात होतं. शतकानुशतकं उपदेश झाला होता; प्रथेला खरी खीळ बसली ती या लेखी नियमाने.

मराठी माणसाला इथे एक गोष्ट जवळची वाटावी. संस्कृतातले ‘नपात्’ आणि ‘नप्तृ’ हे शब्द लॅटिन ‘नेपोस’चे भाऊबंद आहेत, आणि ‘नप्तृ’वरूनच प्राकृताच्या वाटेने आपला ‘नातू’ आला. ‘नातं’ मात्र ‘ज्ञाति’च्या कुळातलं आहे. दोन वेगळ्या मुळांचे शब्द मराठीत शेजारी राहून सख्खे वाटू लागले. म्हणजे रोमच्या त्या शब्दात आणि निलंग्याच्या ‘नातवा’त रक्ताचं नातं आहे. निलंग्याचं नाव उगाच घेतलेलं नाही, त्याकडे पुढे येऊच.

या अर्थाचा नेमका एक शब्द मराठीने मात्र घडवला नाही. आपल्या सीमेवरच्या भाषांनी घडवला. देगलूर, बिलोली, धर्माबादपासून थोडं पुढे गेलं की तेलुगू सुरू होते; तिथे ‘बंधुप्रीती’ म्हणतात. उदगीर-देवणीच्या पलीकडे बिदरकडे कन्नडमध्ये ‘स्वजनपक्षपात’ आहे. हिंदीत ‘भाई-भतीजावाद’ आहे, गुजरातीत ‘सगावाद’. आपल्याकडे ‘वशिला’ आहे, तो अरबी ‘वसीला’, म्हणजे साधन, जवळ पोचवणारा दुवा. ‘शिफारस’ फारसीतून आली. निजामाच्या मुलखात दोन्ही शब्द दरबारी कागदांत होते आणि त्यांना प्रतिष्ठा होती. पण वशिल्याला नातं लागतंच असं नाही. तो पैशाचा, जातीचा, पक्षाचाही असतो. ‘घराणेशाही’ हा शब्द फक्त वरच्या खुर्च्यांना लागतो. चुलत्याने पुतण्याला शिपाई म्हणून लावलं तर त्याला कुणी घराणेशाही म्हणत नाही. आणि ‘भाऊबंदकी’ तर अगदी उलट्या टोकाची. भाऊबंदांनी एकमेकांचे बांध कोरणं, कोर्टकचेऱ्या करणं म्हणजे भाऊबंदकी. भावांनी भांडावं याला मराठीने खास नाव दिलं. भावांनी एकमेकांना सरकारी खुर्चीवर बसवावं याला दिलं नाही. ज्या गोष्टीला समाज दोष मानत नाही, तिला नाव ठेवायची त्याला गरजच पडत नाही.

दोष का मानला नाही, याचं उत्तर या मुलखाच्या जमिनीत आहे. नांदेड आणि आजचं लातूर (हा जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला) १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी, कुळकर्ण ही सगळी वतनं होती, म्हणजे कारभाराचं काम हीच घराची मालमत्ता होती. भावांत शेत वाटून घ्यावं तशी पाटीलकी वाटून घेतली जाई, मानापानावरून तंटे होत, तक्षिमा, म्हणजे वाटण्या, पडत. पहिल्या सालारजंगने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी, आणली, सारावसुलीचं काम पगारी अधिकाऱ्यांकडे दिलं आणि देशमुख-देशपांड्यांना त्याच्या बदल्यात रोख ‘रुसूम’ बांधून दिला. हक्क गेला, मोबदला घरातच राहिला. ज्या समाजाने शेकडो वर्षं सार्वजनिक काम हे घराचं समजलं, त्याला ‘तुझ्या मुलाला ही खुर्ची का?’ हा प्रश्न परकाच वाटणार.

वतन सगळ्यांना सुखाचं होतं असं मात्र मानू नये. महारवतनही वतनच होतं. ते पिढ्यान्पिढ्या बापाकडून मुलाकडे गेलं आणि त्यात राबणं, येसकरपणा, बलुत्याची भाकरी आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात बदल करणारं विधेयक आणलं ते याच बेडीतून सुटण्यासाठी. वारसा कुणाला खुर्ची देतो तर कुणाला झाडू. नातलगांच्या प्रश्नावर बोलताना आपण नेहमी खुर्चीकडेच पाहतो, झाडूकडे पाहत नाही.

राज्यघटनेने यावर सरळ घाव घातला. कलम १६(२) मध्ये सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग यांच्या सोबतीला ‘कूळ’ हा शब्द आहे. कुळावरून कुणाला अपात्र ठरवायचं नाही, भेदभाव करायचा नाही. १९६० मध्ये आंध्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या जोरावर गावकामगारांची वंशपरंपरा मोडली. पद सरकारचं आहे, घराचं नाही, हे त्या निकालाचं सार. १९६२ मध्ये महाराष्ट्राने मुलकी पाटीलकी कायद्याने रद्द केली. कागदावर वतन संपलं.

वतन कागदावर संपण्याच्या अडीचशे वर्षं आधी याच प्रश्नावर नांदेडात एक निर्णय झाला होता, आणि तो आपल्या इतिहासात हवा तेवढा या नजरेने वाचला जात नाही. गुरू नानकांना दोन मुलगे होते, तरी त्यांनी गादी दिली शिष्य लेहणा यांना, तेच गुरू अंगद. अंगदांनीही मुलांना बाजूला ठेवून अमरदासांना निवडलं. अमरदासांनी जावई रामदासांना निवडलं, आणि तिथून पुढे गुरुपद सोढी घराण्यात राहिलं. ऑक्टोबर १७०८ मध्ये गोदाकाठी नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवली आणि गुरुपद ग्रंथाला दिलं. त्यांच्या चारही पुत्रांचं आधीच बलिदान झालं होतं हे खरं, पण अनुयायांतून एखादा माणूस निवडता आला असता. त्यांनी ग्रंथ निवडला, म्हणजे सगळ्यांना समोर दिसणारं, कुणाच्याही घरात न जन्मलेलं प्रमाण. २००८ मध्ये गुरुतागद्दीची त्रिशताब्दी नांदेडने मोठ्या थाटात साजरी केली, शहराचे रस्ते-पूल त्या निधीतून झाले. गादी घराबाहेर काढण्याच्या या घटनेकडे राजकीय विचार म्हणून पाहायला मात्र आपण अजून शिकलो नाही.

मराठवाड्याला दुसरं उदाहरणही मिळालं होतं. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते. त्यांना घर नव्हतं, वारस नव्हता. हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांतून घडलेले विद्यार्थी आणि कार्यकर्ते हीच त्यांची माणसं. नांदेडचे शंकरराव चव्हाण त्या चळवळीतून आलेले, पी. व्ही. नरसिंह रावही. नांदेडच्या विद्यापीठाला १९९४ पासून स्वामीजींचं नाव आहे. त्या पिढीनंतरच्या राजकारणाने मात्र शिष्यांचा नव्हे, मुलांचा मार्ग धरला.

या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. दोनदा खुर्ची थेट लातूरकडून नांदेडकडे गेली, १९८६ मध्ये आणि २००८ मध्ये. मला या इतिहासात एक गोष्ट फार बोलकी वाटते. इथून गेलेल्या मुख्यमंत्र्यांच्या तीन राजीनाम्यांच्या चर्चेत कुणी ना कुणी नातलग होता.

पहिलं प्रकरण सगळ्यात स्वच्छ दिसतं. निलंगेकर जून १९८५ मध्ये मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेत त्यांच्या मुलीचे गुण वाढवल्याचा आरोप झाला. एका डॉक्टराने याचिका केली. गुणपत्रकातली खाडाखोड उच्च न्यायालयापुढे आली, न्यायालयाने मुख्यमंत्र्यांवर ताशेरे ओढले, आणि मार्च १९८६ मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा न्यायालयाने सार्वजनिक जीवनातल्या नीतिमत्तेच्या घसरणीवर जे लिहिलं, ते पुढे अनेक निकालांत उद्धृत होत राहिलं. इथे पद, ठेका, जमीन काहीच नव्हतं. होते ते चार-दोन गुण. पण त्या गुणांच्या पलीकडे रात्ररात्र अभ्यास करून बसलेले दुसरे परीक्षार्थी होते, म्हणून ते प्रकरण मोठं होतं. दुसरा राजीनामा डिसेंबर २००८ चा. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर विलासराव ताज हॉटेल पाहायला गेले तेव्हा सोबत अभिनेता मुलगा आणि चित्रपट दिग्दर्शक होते. राजीनाम्याचं मूळ कारण हल्ला होतं, पण त्या भेटीने लोकांचा संताप वाढवला. तिसरा राजीनामा नोव्हेंबर २०१० चा. कुलाब्याच्या आदर्श सोसायटीत अशोक चव्हाणांच्या नातलगांना सदनिका मिळाल्याचा आरोप झाला. त्यांनी आरोप नाकारले आणि खटल्याला राज्यपालांनी दिलेली परवानगी २०१७ च्या अखेरीस उच्च न्यायालयाने रद्द केली, हेही सांगायलाच हवं.

राजीनाम्यांनी घरं मागे हटली नाहीत. शंकरराव १९८६ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि नांदेडची लोकसभेची जागा रिकामी झाली. १९८७ च्या पोटनिवडणुकीत तिथे मुलगा अशोक निवडून आला. पुढे अशोकरावांचे मेहुणे भास्करराव पाटील खतगावकर खासदार झाले, पत्नी अमिता भोकरच्या आमदार झाल्या, आणि २०२४ मध्ये मुलगी श्रीजया भोकरमधूनच विधानसभेत गेली, या वेळी भाजपकडून. विधानसभेच्या मतदानाच्या दिवशीच नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक होती. नायगावचे वसंतराव चव्हाण खासदार होऊन काही महिन्यांत वारले, त्यांच्या जागी काँग्रेसने त्यांचा मुलगा रवींद्र याला उभं केलं आणि तो १,४५७ मतांनी निवडून आला. लातूर शहरात मतदारापुढे मुख्य पर्याय दोन होते: माजी मुख्यमंत्र्यांचा मुलगा आणि माजी केंद्रीय गृहमंत्र्यांची सून. पक्ष कोणता हा प्रश्न इथे गौण आहे. काँग्रेसमध्ये होती तीच माणसं भाजपमध्ये गेली तरी नात्याची साखळी तीच राहिली. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सने २०२५ मध्ये केलेल्या पाहणीत देशातले २१ टक्के खासदार-आमदार राजकीय घरांतले निघाले. महाराष्ट्रात हे प्रमाण ३२ टक्के होतं.

आणि निलंगा. २००४ मध्ये शिवाजीरावांची सून रूपाताई भाजपकडून लातूरच्या खासदार झाल्या, सलग सात निवडणुका जिंकलेल्या शिवराज पाटील चाकूरकरांना हरवून. त्याच वर्षी विधानसभेला नातू संभाजी आजोबांच्या विरोधात उभा राहिला आणि जिंकला. २००९ मध्ये आजोबांनी नातवाला हरवलं. २०१४ मध्ये नातू पुन्हा जिंकला, या वेळी समोर चुलते होते. रोमच्या शब्दाने नातवाला हात देणारा आजा सांगितला. निलंग्याने हे दुसरं रूप दाखवलं. घरातले दोघं भांडले तरी मतदाराच्या हातात उरलं ते तेच घर.

पुतण्याची गोष्ट तर आपल्याकडे रोमच्या पार उलटी आहे. पोपला औरस मुलगा नव्हता म्हणून पुतण्या पुढे आला. आपल्याकडे मुलगा-मुलगी आहे म्हणून पुतण्या मागे राहतो. गावोगाव फिरतो तो, कार्यकर्ते सांभाळतो तो, आणि वेळ आली की उमेदवारी घरच्या लेकराला मिळते. शेजारच्या बीडमध्ये गोपीनाथ मुंडे आणि धनंजय, मुंबईत बाळासाहेब ठाकरे आणि राज, बारामतीत शरद पवार आणि अजित, या तिन्ही फुटी इथूनच झाल्या. महाराष्ट्रातल्या पक्षफुटीचा इतिहास बराचसा पुतण्यांच्या हिशेबाचा इतिहास आहे. पक्षात निवड करण्याची लेखी, सगळ्यांना माहीत असलेली रीत असती तर घरातला वाद घरात राहिला असता, राज्यावर आला नसता.

पण मोठ्या नावांवर फार वेळ गेला. सामान्य माणसाला नात्याचा फटका बसतो तो ऊसतोडीत. लातूर-नांदेडचा बराच भाग आता उसाचा आहे. कारखान्याकडे लागवडीची नोंद होते, आणि नियम असा की ज्याची लागवड आधी त्याची तोड आधी. पण शेतात टोळी कोणत्या दिवशी घालायची हे बऱ्याच अंशी चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, हातात असतं, आणि चिटबॉय कुणाचा तरी भाचा, कुणाचा तरी साडू असतोच. डिसेंबरात तोडायचा ऊस मार्चपर्यंत उभा राहिला की त्याला तुरे फुटतात, पाण्याची पाळी वाढते, वजन घटतं. उन्हं वाढली की टोळ्याही गावाकडे निघायच्या बेतात असतात आणि मुकादम एकरामागे वरकड पैसे मागतो. शेजारच्या बांधावर संचालकाच्या पाहुण्याचा ऊस मात्र वेळेत गेलेला असतो आणि त्या रानात हरभरासुद्धा उगवून आलेला असतो. दोन शेतांत अंतर एका बांधाचं. फरक आहे तो नात्याचा. याला कुणी नेपोटिझम म्हणत नाही, कोर्टात जात नाही, पेपरात छापत नाही. पण दोन एकरांच्या शेतकऱ्याचं त्या वर्षीचं मुलीचं लग्न किंवा मुलाची फी त्यात जाते.

तीच गोष्ट शाळांची. खासगी संस्थांत कित्येक बी.एड. झालेली मुलं-मुली वर्षानुवर्षं विनाअनुदानित तुकडीवर फुकट किंवा नाममात्र पैशांवर शिकवतात, अनुदानाचा टप्पा येईल या आशेवर. टप्पा येतो तेव्हा मान्यतेच्या यादीत कधी कधी संस्थाचालकाची सून दिसते, जी शाळेत फारशी कुणी पाहिलेली नसते. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकाची अशी नऊ वर्षं गेली. तो आज कंधारकडे शेती करतो, संध्याकाळी गल्लीतल्या पोरांचं गणित घेतो, आणि संस्थेचं नाव काढलं की विषय बदलतो.

लातूरकडे गुणांना एवढा मान का आला याचं एक उत्तर मला इथे दिसतं. ‘लातूर पॅटर्न’बद्दल बरंच बरं-वाईट लिहिलं जातं: शिकवण्यांचा बाजार, पोरांवरचा ताण, भाड्याच्या खोल्या. ते सगळं खरं आहे. पण औशाच्या किंवा अहमदपूरच्या शेतकऱ्याने शेत गहाण टाकून पोराला लातूरला का ठेवलं? कारण परीक्षेच्या कागदावर मामा लागत नाही, असा त्याचा विश्वास होता. चार-दोन मार्कांनी मुख्यमंत्र्यांची खुर्ची गेली त्याच जिल्ह्यात मार्क हीच गरिबाची शिफारस झाली. म्हणूनच जून २०२४ मध्ये नीट परीक्षेच्या गैरप्रकारात लातूरच्या शिक्षकांची चौकशी आणि अटक झाली तेव्हा इथल्या पालकांना जो धक्का बसला तो बाहेरच्यांना कळला नाही. शेवटचा एक दरवाजा वशिल्याशिवाय उघडतो असं ते मानत होते.

दुसरी बाजूही आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. किनवट-माहूरकडच्या तांड्यावरचा पहिला ग्रामसेवक, वस्तीतला पहिला पदवीधर, यांनी भावाला-भाच्याला हाताशी धरून शहरात आणलं, अर्ज भरून दिले, राहायला जागा दिली. ज्यांच्या पाठीशी पिढ्यान्पिढ्या कुणी नव्हतं त्यांना नात्याशिवाय दुसरी शिडी कुठे होती? कमावता माणूस नोकरीत असताना गेला तर अनुकंपा तत्त्वावर घरातल्या एकाला घेतात. तेही नातंच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ते हक्क नसून उघड्यावर पडलेल्या घराला दिलेला हात आहे, असं स्पष्ट केलं. सफाई कामगारांच्या वारसांना लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसा हक्काने नोकरी मिळते. तिथे तर गंमत नाही, दुःख आहे. बापाचा झाडू मुलाच्या हाती येतो, आणि तो त्याला नाकारता येत नाही कारण दुसरं काही मिळणार नाही. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात ‘सगेसोयरे’ हा शब्द घराघरांत गेला, जानेवारी २०२४ मध्ये सरकारी मसुद्यात आला. तिथे नातं हे हक्काचा पुरावा म्हणून मागितलं गेलं. तेव्हा नात्याचा आधार घेणं हे सरसकट वाईट असं म्हणणाऱ्याने हा मुलूख पाहिलेला नाही.

माझ्या मते रेघ ओढायची जागा ठरलेली आहे. स्वतःच्या पैशांतून, स्वतःच्या घरात, स्वतःच्या कष्टांनी नातलगाला उभं करणं हा मराठवाड्याचा जुना, मोठा गुण आहे. दुष्काळात तोच कामी आला. पण खुर्ची लोकांची, पैसा करदात्याचा, ऊस सभासदाचा आणि गुण परीक्षार्थ्याचे असतात तेव्हा शब्द टाकणारा दुसऱ्याच्या ताटातलं वाढत असतो. मामाला दिसतं फक्त आपलं लेकरू. रांगेत मागे उभं राहिलेलं दुसरं लेकरू मांडवात आलेलंच नसतं.

ही रेघ माणसाच्या मनाच्या मोठेपणावर सोडली तर टिकत नाही, हेच या सगळ्या इतिहासातून दिसतं. टिकली ती जिथे नियमाने हात बांधले तिथे. लातूर लोकसभा २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव झाली आणि मोठ्या घरांची पकड त्या एका जागेवरून आपोआप सुटली. तेव्हापासून चार निवडणुकांत चार वेगळे खासदार झाले: जयवंतराव आवळे, सुनील गायकवाड, सुधाकर शृंगारे, शिवाजी काळगे. नागरी सहकारी बँकांच्या संचालकांना आणि त्यांच्या नातलगांना कर्ज द्यायला रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये मनाई केली, त्यामागे बुडालेल्या बँकांचा अनुभव होता. शिक्षकभरती २०१७ नंतर अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलवर आली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शब्द टाकायला जागाच उरली नाही. ओळख ना पाळख अशी कोकणातली, विदर्भातली मुलं मुखेडच्या शाळेत रुजू झाली. मतदारही कधी कधी नियमाचं काम करतो. डिसेंबर २०२५ च्या निकालात लोहा नगरपरिषदेत भाजपने एकाच घरात दिलेल्या सहाही उमेदवाऱ्या लोकांनी पाडल्या. पण मतदाराला ही संधी पाच वर्षांतून एकदा मिळते, आणि बहुतेक वेळा समोर दोन्हीकडे घरंच असतात.

खासगी अनुदानित संस्थांना मात्र पवित्र पोर्टलवरही मुलाखतीचा मार्ग ठेवला आहे. पगार सरकार देणार, निवड संस्था करणार. या एका फटीतून जुनं सगळं आत येतं. ती बुजवणं सरकारला जड जातं, कारण संस्थाचालक आणि आमदार हे पुष्कळदा एकच माणूस असतात. तोवर निदान एवढं व्हावं: प्रत्येक अनुदानित शाळेने कार्यकारिणीच्या सदस्यांची आणि गेल्या दहा वर्षांत नेमलेल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची यादी, आपसांतल्या नात्याच्या रकान्यासह, दर्शनी फलकावर लावावी. मुलाखत घेणाऱ्याने उमेदवार आपला कोण लागतो हे आधी लिहून द्यावं, आणि कुणी लागत असेल तर उठून बाहेर जावं. अनुदानित शाळांना माहितीचा अधिकार कायदा, २००५ लागू आहे. शाळेने यादी लावली नाही तर ती कुणालाही मागता येते. अर्जाची फी दहा रुपये असते, ती कोर्ट फी स्टॅम्प लावूनही भरता येते, आणि उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत असते.